आम्ही मोजलेला आकडा

पत्र अप्पांच्या नावाने होतं, म्हणून ते कारखान्यातून येईपर्यंत आईने ते न फोडता देवापाशी ठेवलं. मी तीनदा आत जाऊन पाकिटावरचा शिक्का वाचून आले. संध्याकाळी कारखान्याची बस बंगळूरमधल्या आमच्या चामराजपेटेच्या कोपऱ्यावर थांबली. अप्पा आले, हातपाय धुतले, चहा घेतला आणि मग पाकीट माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तूच वाच."

राज्यभरातून निवडलेल्या हुशार विद्यार्थ्यांसाठी सहा आठवड्यांचा उन्हाळी विज्ञानवर्ग भरणार होता आणि त्यात माझं नाव होतं. साठच्या दशकाची मधली वर्षं होती ती. देशाला शास्त्रज्ञ हवेत, इंजिनियर हवेत, असं जो तो म्हणत होता. असे वर्ग तेव्हा नव्यानेच निघाले होते. मी पीयूसीची, म्हणजे बीएस्सीच्या आधीच्या वर्षाची, परीक्षा देऊन मोकळी झाले होते आणि दोन महिने मावशीकडे बेळगावला काढायचे असं ठरलं होतं. तो बेत त्या संध्याकाळीच मोडला. आई म्हणाली, मुलगे किती आणि मुली किती ते आधी विचारा. अप्पा म्हणाले, सरकारी पत्र आहे, त्यात काय विचारायचं. 

अप्पा एका सरकारी यंत्रकारखान्यात तपासणी खात्यात होते. तयार झालेला सुटा भाग मायक्रोमीटरमध्ये धरायचा, माप बरोबर असेल तर पुढे पाठवायचा, नसेल तर लाल ठिपका लावून बाजूला ठेवायचा, हे त्यांचं काम. खात्यात ते कोणाचे लाडके नव्हते.

वर्ग एका जुन्या दगडी कॉलेजात होता. पहिल्या दिवशी मोजलं तर आम्ही चाळीसजण होतो आणि त्यात मुली तीन. एक धारवाडची, इथे काकांकडे उतरलेली. काकांचं तांदळाचं दुकान होतं. दुसरी कँटोनमेंटातली, तामिळ बोलणारी, तिचे वडील रेल्वेत गार्ड. तिसरी मी. आम्ही तिघी आपसांत मोडकंतोडकं कन्नड आणि इंग्रजी बोलायचो आणि दुसऱ्या दिवसापासून डबा एकत्र खायला लागलो.

सकाळी पहिला तास नेतृत्वाचा असे. लष्करातून निवृत्त झालेले एक गृहस्थ यायचे आणि उद्याचा पुढारी कसा असावा ते सांगायचे. ताठ उभं राहावं, आवाज पोटातून काढावा, निर्णय घ्यावा आणि घेतल्यावर डगमगू नये. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ते मनापासून शिकवायचे. फक्त बोलताना त्यांची नजर मुलांच्या बाकांवरून फिरायची आणि आमच्या बाकापाशी येऊन वळायची. सगळ्यांचे गट पाडले गेले, प्रत्येक गटाने आपला नेता निवडला. आम्हा तिघींचा सहावा गट. आमचा नेता मात्र आम्हाला न विचारता पाचव्या गटातून दिला गेला. आमच्या कागदांवर सही करायची, एवढंच त्याला काम.

त्यानंतर दुपारपर्यंत व्याख्यानं आणि दुपारी दोन ते पाच वर्कशॉप. मी ज्याची वाट पाहत होते ते हे. लेथ, ड्रिल, काचेच्या नळ्या वाकवणं, तारा जोडून रेडिओ तयार करणं. पहिल्या दुपारी आम्ही दारापर्यंत गेलो तेव्हा वर्गाच्या प्रमुख सरांनी आम्हाला थांबवलं. ते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, स्वभावाने सौम्य, कोट कधी न काढणारे. आमच्या लांब वेण्या, परकरावर नेसलेल्या आमच्या अर्ध्या साड्या यंत्रात अडकल्या तर पालकांना काय उत्तर द्यायचं, असं ते म्हणाले. वेणी बांधून टाकू, पदर खोचू, असं आम्ही सांगून पाहिलं. ते हसले. आम्ही लायब्ररीत बसावं आणि मुलांनी केलेल्या प्रयोगांच्या नोंदी स्वच्छ अक्षरात उतरवून द्याव्यात, असं ठरलं. मुलींचं अक्षर चांगलं असतं.

दहा दिवस आम्ही उतरवलं. एका मुलाने लिहिलेला लंबकाचा प्रयोग मी तीनदा उतरवला, कारण त्याने तीन वेगवेगळ्या तारखा घालून एकाच दिवसाचे आकडे दिले होते. प्रयोग सोपा असतो. दोरीला वजन बांधून टांगायचं, झोका द्यायचा. दोरीची लांबी आणि झोक्याला लागणारा वेळ, या दोन गोष्टींवरून पृथ्वी वस्तूला किती जोराने खाली ओढते तो आकडा निघतो. पुस्तकात तो नऊशे एक्क्याऐंशी असा दिलेला आहे आणि त्या मुलाचं उत्तर तंतोतंत तेवढंच आलं होतं. त्याचे आकडे घेऊन मी गणित करून पाहिलं. उत्तर नऊशे चाळीसच्या आसपास येत होतं. त्याने खालची ओळ आधी लिहिली होती आणि वरच्या नंतर.

मी पेन खाली ठेवलं आणि दोघींना म्हटलं, "आपण हे करायचं का? खरंखुरं?"

लायब्ररीच्या इमारतीला दगडी जिना होता. तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत वळत जाणारा, आणि मधे विहिरीसारखी मोकळी जागा. एवढा लांब लंबक वर्कशॉपमध्ये कुणाला टांगता आला नसता. धारवाडच्या मुलीने काकांच्या दुकानातून नव्या किलोच्या मापातलं पाच किलोचं लोखंडी वजन आणि दोरीचा एक गुंडा आणला. गार्डच्या मुलीने वडिलांचं खिशातलं जुनं घड्याळ आणलं. सेकंदकाटा असलेलं घड्याळ आम्हा तिघींत तेवढं एकच होतं. वरच्या कठड्यांवर आडवी टाकायला लोखंडी पहार लायब्ररीच्या शिपाई अण्णांनी दिली. ते वयस्क होते आणि आम्ही उतरवत बसतो हे त्यांना पहिल्यापासून आवडत नव्हतं. त्यांची अट एकच होती, "स्वल्प जागा सोडा, लोकांना चढू द्या."

एक वर, एक खाली, एक वहीपाशी. वजन सावकाश इकडून तिकडे जायचं आणि परत यायचं, एका फेरीला साडेसहा सेकंदांहून जास्त. शंभर फेऱ्या मोजायच्या तर अकरा मिनिटं डोळा हलवता येत नसे. पहिले दोन दिवस आमची मोजणी चुकायची, मग आम्ही दोघींनी वेगवेगळं मोजायचं आणि जुळलं तरच लिहायचं ठरवलं. शंभर फेऱ्यांना अकरा मिनिटं सात सेकंद. पुन्हा अकरा मिनिटं सात सेकंद. वीस वेळा केलं. मुलांच्या नोंदी टेबलावर साठत राहिल्या.

आमचं उत्तर आलं नऊशे शहात्तर.

सरांनी बोलावलंच होतं, कारण नोंदी वेळेवर जात नव्हत्या. मी वही पुढे केली. त्यांनी ती शांतपणे वाचली, अगदी सगळी पानं. मग म्हणाले की मेहनत चांगली आहे, पण उत्तर चुकलंय. वर्गाचा अहवाल छापून दिल्लीला जाणार आहे, त्यात असा आकडा गेला तर लोक हसतील. खाली नऊशे एक्क्याऐंशी लिहा आणि वेळेचे आकडे त्याला जुळतील असे करून घ्या.

"आम्ही वेळ मोजली आहे, सर," मी म्हटलं. "ती बदलता येणार नाही."

ते मला समजावत राहिले. प्रयोग कसा लिहावा हे शिकणं हाही शिक्षणाचा भाग असतो, म्हणाले. माझा आवाज पोटातून काही निघत नव्हता. पण मी वही परत घेतली. सर म्हणाले, "मग उद्यापासून तुम्ही वर्गाला येण्याची गरज आहे का, याचा विचार मला करावा लागेल. घरी बोलून या."

घरी बोलायचं म्हणजे अप्पांशी. मला वाटलं होतं, ते माझी बाजू घेतील. त्यांनी घेतली नाही. आधी चिडले. एवढी निवड झाली, पुढे स्कॉलरशिपला हे उपयोगी पडलं असतं, आणि तू तिथे जाऊन वाद घालतेस. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती म्हणाली की आता आकडाच तर बदलायचा आहे, एवढं काय. मी विचारलं की अप्पांना त्यांचे साहेब म्हणाले, हा भाग चालवून घ्या, तर अप्पा चालवून घेतील का. हे मी त्यांना बोचावं म्हणूनच म्हटलं होतं.

अप्पांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "वही आण."

त्यांना सूत्र येत नव्हतं. ते सूत्राकडे गेलेच नाहीत. घड्याळ कुणाचं, किती मागे पडतं, कशाशी ताडून पाहिलं, ते विचारलं. गार्डचं घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी रोज लावलेलं असतं हे ऐकल्यावर मान हलवली. मग लांबीवर आले.

"दोरी कुठून कुठपर्यंत मोजली?"

"वरच्या गाठीपासून वजनाच्या मध्यापर्यंत. बरोबर अकरा मीटर."

"टांगलेली असताना?"

दोरी आम्ही लायब्ररीच्या फरशीवर पसरून मोजली होती आणि मग टांगली होती. पाच किलो वजन लागल्यावर सुती दोरी ताणली जाणार, हे तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"म्हणजे माप चुकलंय," अप्पा म्हणाले. "तुझ्या सरांनी ते सांगायला हवं होतं. हे असलं सांगायला नको होतं." ते उठले आणि त्यांनी आपली स्टीलची टेप काढून दिली. ती ते आम्हाला कधी हातसुद्धा लावू देत नसत.

मला त्या रात्री स्वतःचा राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. समजा, दोरी नीट मोजली आणि उत्तर नऊशे एक्क्याऐंशीच आलं तर? तर सरांसमोर उभं राहून तसं सांगावं लागणार होतं. मी ठरवलं की सांगायचं.

सकाळी आम्ही व्याख्यानाला न जाता जिन्यावर गेलो. दोरी टांगून, वजन स्थिर करून मजल्यामजल्याला टेप धरून लांबी मोजली. अकरा मीटर दोन सेंटिमीटर. तिघींनी आळीपाळीने मोजली. वेळ तीच होती. गणित मी केलं, धारवाडच्या मुलीने वेगळं केलं. नऊशे अठ्ठ्याहत्तर.

नऊशे एक्क्याऐंशी नव्हतंच. आता लाजायचं की नाही, ते कळेना. तेव्हा गार्डची मुलगी म्हणाली की इतके दिवस लायब्ररीत बसवलंय तर निदान पुस्तकं तरी उघडू. अण्णांनी काचेच्या कपाटाची किल्ली दिली. एका जाड इंग्रजी पुस्तकात शेवटी कोष्टक होतं. पृथ्वीची ओढ सगळीकडे सारखी नसते. विषुववृत्ताजवळ कमी, उंच जागी आणखी कमी. आमच्या पाठ्यपुस्तकातला आकडा इंग्लंडच्या बाजूचा होता. बंगळूर विषुववृत्ताच्या कितीतरी जवळ आणि समुद्रापासून तीन हजार फूट वर. कोष्टकात बंगळूर नव्हतं, मद्रास होतं. मद्रासचा आकडा आमच्या आकड्याच्या अगदी शेजारी होता.

आम्ही तिघी सरांच्या खोलीत गेलो. मी आधी चूक सांगितली. पहिलं उत्तर चुकलं होतं, दोरी ताणली होती, तुम्ही चूक म्हणालात ते खरं होतं. सरांचा चेहरा सैल झाला. मग मी नवं उत्तर सांगितलं आणि कोष्टकाचं पान उघडून समोर ठेवलं.

सरांना हे सगळं माहीत होतं. ते म्हणाले, "जागेप्रमाणे फरक पडतो हे मी पंचवीस वर्षं शिकवतोय. पण तो फरक दोरी आणि दुकानातलं वजन घेऊन पकडायचा नसतो. तुमचं उत्तर जुळलं हा योगायोग आहे. कालची चूक सापडली, उद्या आणखी सापडेल."

"मग तुम्ही या, सर," मी म्हटलं. "दोरी टांगलेलीच आहे. तुम्ही मोजा. चूक दाखवलीत तर आम्ही पुन्हा करू. नाहीतर हाच आकडा राहील."

त्यांनी घड्याळ पाहिलं. चहाची वेळ झाली होती. ते जिन्याकडे आले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. आम्हाला वर्गातून काढलं मात्र नाही. आमचा कागद अहवालात जाणार नाही, एवढं सांगितलं. पाचव्या गटातल्या आमच्या नेत्याने सही करायलाही नकार दिला. आम्हीच तिघींनी सह्या केल्या. त्यानंतर मुलांच्या नोंदी उतरवणं आम्ही बंद केलं. कुणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. दुपारी आम्ही जिन्यावर असायचो. वजन बदलून पाहिलं, झोका लहान करून पाहिला, ज्याला जाताजाता थांबावंसं वाटेल त्याला समजावून सांगितलं. काही मुलं वर्कशॉप सोडून येऊन बघत उभी राहायची.

शेवटच्या दिवशी समारंभ होता. दिल्लीहून शिक्षणखात्यातले मोठे पाहुणे येणार होते. आम्ही गुलाबपाणी शिंपडायचं, हार द्यायचे आणि स्वागतगीत म्हणायचं असा निरोप आला. गार्डच्या मुलीचा आवाज छान होता. ती म्हणाली, मी घरी गाते, इथे मी लंबकावर बोलायला आले आहे. आम्ही तिघी इतरांसारख्याच बाकांवर बसलो. गुलाबदाणी टेबलावर तशीच राहिली आणि पाहुण्यांना हार नेतृत्व शिकवणाऱ्या गृहस्थांनी घातला. गटांचे नेते उठून एकेक प्रयोग सांगत गेले. सहाव्या गटाचं नाव पुकारलं गेलं नाही.

अप्पा अर्ध्या दिवसाची रजा काढून आले होते आणि मागे भिंतीला टेकून उभे होते.

मग प्रमाणपत्रं. माझं नाव आलं तेव्हा मी वर गेले. पाहुण्यांनी हसून कागद दिला. शेजारच्या मुलाचा कागद मी आधीच पाहिला होता. त्यावर वर्ग यशस्वीपणे पूर्ण केला असं छापलं होतं. माझ्या कागदावर ती ओळ खोडून टाइपरायटरने 'वर्गास उपस्थित होती' असं घातलं होतं. मी तिथेच उभी राहून वाचलं. मागचा मुलगा थांबला, सगळे थांबले.

मी तो कागद सरांसमोर टेबलावर ठेवला. "सर, मी वर्ग पूर्ण केला आहे. हे माझं नाही."

सर हळू आवाजात म्हणाले की खाली जा, नंतर बोलू. पाहुण्यांनी काय झालं म्हणून विचारलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण सरांनी पुढचं नाव पुकारलं आणि पाहुणे पुढच्या मुलाकडे वळले. त्यांना फार काही जाणून घ्यायचं नव्हतं. मी उतरले. धारवाडच्या मुलीने तिचा कागद घेतला. काका पहिल्या रांगेत होते. तिने तो का घेतला हे मी तिला कधी विचारलं नाही. गार्डच्या मुलीने तिचाही टेबलावर ठेवला.

बसमध्ये अप्पा खिडकीपाशी बसले. लालबाग मागे पडेपर्यंत हातातल्या तिकिटांच्या घड्या घालत होते. मग म्हणाले, "आवाज बारीक होता तुझा. मागेपर्यंत ऐकू आला मात्र."

"हो," मी म्हटलं.

"असू दे."

त्या वर्षी मला स्कॉलरशिप मिळाली नाही. प्रमाणपत्र जोडायच्या जागी मी लंबकाच्या कागदाची प्रत जोडली होती. त्यामुळेच मिळाली नाही की दुसऱ्या कशामुळे, ते मला ठाऊक नाही. मी बीएस्सीला गेले आणि फी अप्पांनी भरली.

पुढच्या वर्षी त्याच वर्गाची जाहिरात आली, त्यात फक्त मुलग्यांनी अर्ज करावेत असं होतं. मुलींसाठी सोयीची व्यवस्था नसल्याने, असं कारण दिलं होतं. हे माझ्यामुळे झालं असं आई म्हणाली आणि तिचं अगदी चुकत होतं असं नाही. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मग मी आणि गार्डची मुलगी आमच्या जुन्या शाळांत गेलो, मुख्याध्यापिकांना भेटलो आणि पदार्थविज्ञानात सगळ्यांत जास्त गुण असलेल्या चार मुली शोधून काढल्या. त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोललो. एका घरातून आम्हाला चहासुद्धा न देता परत पाठवलं. तीन घरांनी हो म्हटलं.

मे महिन्यातल्या त्या सोमवारी आम्ही पाचजणी पहिल्या तासाला जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. केस घट्ट बांधलेले, पदर खोचलेले. नेतृत्वाचे तेच गृहस्थ आले. त्यांनी हजेरी घेतली, आमची नावं त्यात नव्हती. वही मिटून त्यांनी आमच्याकडे पाहिलं. या वेळी त्यांची नजर वळली नाही.

"तुम्ही यादीत नाही," ते म्हणाले.

"नाही, सर," मी म्हटलं. "आम्ही बसणार आहोत."

त्यांनी थोडा विचार केला आणि शिकवायला सुरुवात केली. अकरा दिवस आम्ही तशाच गेलो. सर रोज दारातून पाहायचे आणि निघून जायचे. बाराव्या दिवशी तिघींची नावं यादीच्या खाली शाईने लिहिली गेली. आम्ही दोघी वयाने मोठ्या, आम्ही यादीत बसत नव्हतो, आम्हाला ते चाललं. त्या दुपारी तिघींपैकी दोघी लेथवर उभ्या राहिल्या. तिसरीला तिच्या वडिलांनी आठवडाभर आधीच घरी ठेवून घेतलं होतं. मी दोनदा तिच्या दारात गेले. दोन्ही वेळा आतून तिचा आवाज ऐकू आला आणि दोन्ही वेळा ती घरात नाही असं मला सांगण्यात आलं.